पलीकडचं दिसेल असं पाणी

त्या दिवशी घाटकोपरच्या भटवाडीतल्या त्या चाळीत शेवंती सकाळपासून संडासांच्या ओळीसमोर डबा उलटा घालून बसली होती. मांडीवर तांदळाचं सूप होतं. ती खडे निवडत होती आणि कुणी टमरेल घेऊन आलं की मान वर न करता बजावत होती, "तीन नंबरात आज कोण जाऊचा नाय. मालनचा पोट धुवूचा आसा."

"अख्खा दिवस?" वरच्या मजल्यावरचा शिवदास म्हणाला. "संडास काय तुझ्या बापाने बांधला?"

"नाय रे, सरकारान बांधलो. तुका घाई आसा तर एक नंबरात जा. थंय पाणी नाय, पण तुका त्याची सवय आसा."

रांगेतले सगळे हसले. शिवदासही हसला आणि एक नंबरच्या रांगेत जाऊन उभा राहिला.

मार्तंड मात्र हसला नाही. तो तीन नंबरच्या दाराशी उभा होता. त्या दाराची कडी केव्हाच गेली होती. आत माणूस असलं की बाहेर कुणी तरी दार धरून उभं राहायचं आणि कुणी जवळ आलं की खोकायचं, अशी चाळीची रीत होती. आत त्याची बायको होती. आतून आवाज आला की तो दार आणखी घट्ट धरायचा. दुसऱ्या दिवशी अंधेरीच्या एका इस्पितळात मालनच्या आतड्यात नळी घालून तपासणार होते. त्यासाठी आतडं धुतल्यासारखं स्वच्छ व्हायला हवं होतं.

रक्त पडतं हे मालननं त्याला सांगितलंच नव्हतं. गणपतीच्या सुमारास सुरू झालं असावं. पण संडास सामाईक असला की बाई किती वेळा जाते हे नवऱ्याआधी शेजारणीला कळतं. शेवंतीनंच एकदा त्याला नळावर गाठलं होतं. "भावोजी, तुमची बायल परत परत जाता, आणि भायर येता ती भिंत धरून. तुमका दिसना नाय?"

त्याला खरंच दिसलं नव्हतं. त्यानं विचारलं तेव्हा मालन म्हणाली, "मूळव्याध असेल. त्यात काय सांगायचं?" कोपऱ्यावरच्या डॉक्टरनं आमांश म्हणून गोळ्या दिल्या. त्या संपल्या, दुसऱ्या दिल्या, त्याही संपल्या. मालनची पोलकी सैल झाली. बांगड्या कोपरापर्यंत जायला लागल्या. बाजारात, देवळात, नातेवाइकांकडे, कुठेही गेलं की ती आधी एकच विचारायची, "इथं संडास कुठे आहे?" मग तिनं कुठे जाणंच बंद केलं.

शेवटी एका मोठ्या इस्पितळात पांढरं औषध मागच्या वाटेनं भरून तिच्या पोटाचे फोटो काढले. तिथल्या सर्जननं फोटो उजेडात धरला. "डावीकडचं आतडं खराब आहे. सूज आहे की आणखी काही, हे उघडल्याशिवाय सांगता येत नाही. हिचा भाऊ याच दुखण्यानं गेला म्हणता ना? मग थांबू नका. आतडं काढून टाकू. पोटावर पिशवी लावावी लागेल, शौच तिच्यातच जमेल."

पिशवी म्हणजे काय हे मालनला कुणी समजावून सांगायला नको होतं. तिचा थोरला भाऊ धोंडू कॅन्सरनं गेला तो त्यांच्याच खोलीत. पडद्यामागे खाट टाकून त्याला ठेवला होता आणि त्याची पिशवी शेवटपर्यंत मालननंच धुतली. इस्पितळातून परतताना ती रस्त्याच्या कडेला उभी राहिली आणि म्हणाली, "ऐकताय? मला पिशवी नको. लावली तर मी आठवडाभर पण जगणार नाही, सांगून ठेवते."

मार्तंडनं तिचा हात धरला आणि रस्ता ओलांडला. त्याला तेव्हापासून झोप नव्हती. मालन कुशीवर वळली तरी तो जागा व्हायचा आणि तिचा श्वास ऐकत पडायचा.

तो पेट्रोल पंपावर कामाला होता. तिथे गाडी घेऊन येणाऱ्या एका वकीलबाईंनी डॉक्टर मृणालिनी केंकरेंचं नाव सांगितलं. जपानात शिकून आल्या आहेत, कापण्याआधी त्यांना एकदा दाखवा, म्हणाल्या. डॉक्टर केंकरे लहानखुऱ्या होत्या. बोलणं झटपट, पायात कॅनव्हासचे बूट. मालननं आत शिरल्याशिरल्या आधी संडास विचारला. जाऊन आली, खुर्चीत बसली आणि म्हणाली, "नळी तुम्हीच घालणार ना, बाई? पुरुषमाणूस नाही ना?"

"मीच. आणि एक सिस्टर असेल."

"मग चालेल."

डॉक्टरांनी कागदावर आतड्याचं चित्र काढलं. "हे बघा, मालनबाई. नळीतून बघितलं की आजारी आतडं सगळं लालच दिसतं. आजार कुठे संपतो, चांगलं कुठे सुरू होतं, ते नीट कळत नाही. म्हणून मी आत निळा रंग फवारते. रंग बारीक खाचांत उतरतो आणि जे एरवी दिसत नाही ते वर येतं. मग जिथे संशय, नेमका तिथलाच तुकडा काढून तपासायचा. अंदाजानं नाही."

"नुसती सूज निघाली तर?" मार्तंडनं विचारलं.

"तर गोळ्या. कापायचं नाही."

"आणि दुसरं काही निघालं तर?"

"तर सर्जन म्हणतात ते बरोबर. तुम्हाला खोटी आशा लावणार नाही मी."

मालनला बाई पसंत पडल्या. मार्तंडच्या मनात मात्र तो रंग रुतून बसला. संपाआधी त्यानं उमेदीची सगळी वर्षं गिरणीच्या रंगखात्यात घालवली होती. संप फिसकटला, गिरणी गेली, तेव्हा तो पंपावर आला. रंगखात्यात त्यानं एक गोष्ट रोज पाहिली होती. कोरं कापड सगळं सारखंच दिसतं. रंगात बुडवलं की खोट वर येते. कुठे सुताची गाठ, कुठे तेलाचा डाग, कुठे विरलेला धागा. मग मुकादम खडूनं खूण करायचा आणि तेवढा तुकडा कापून बाजूला टाकायचे. रंग आणि कात्री त्याच्या डोक्यात एकापाठोपाठच यायची. बाई म्हणतात रंग घालून कापणं टाळू. कधी टळलंय असं?

तपासणीच्या आदल्या दिवशी काही खायचं नव्हतं. डॉक्टरांनी एक पूड दिली होती, ती पाण्यात ढवळून ते खारट पाणी थोडं थोडं करून प्यायचं. शिवाय काय चालेल असं मार्तंडनं विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, "पेल्यातून पलीकडचं दिसेल असं काहीही. पाणी, साखरपाणी, शहाळं. दूध नाही, पेज नाही, डाळीचं पाणी नाही."

संध्याकाळपर्यंत मालन पार गळाली. खारट पाणी दोनदा उलटून पडलं. ती खोलीच्या भिंतीला टेकून बसली होती. ओठ पांढरे पडलेले.

"माझ्यानं नाही व्हायचं. हे पाणी परत प्यायला सांगू नका मला. आता नाही आणि पुढे कधी पण नाही."

"थोडंच राहिलंय."

"तुम्ही प्या मग."

त्यानं खरंच एक घोट घेतला आणि त्याचं तोंड वाकडं झालं. मालन क्षीणपणे हसली. ते हसू पाहून त्याला रडूच आलं. काय करावं सुचेना. मग फळीवर कोकमाच्या आगळाची, घट्ट रसाची, बाटली दिसली. मालनच्या माहेरची, मेमध्ये आलेली. कोकणातल्या माणसाला कोकम म्हणजे काही खाणं वाटत नाही. पित्त उसळलं, कोकम घे. ऊन लागलं, कोकम घे. अंगावर गांधी उठल्या, कोकम चोळ. त्यानं पेल्यात दोन चमचे आगळ घातलं, साखर घातली, पाणी ओतलं आणि पेला दिव्यासमोर धरला. पेल्यातून पलीकडचा दिवा स्पष्ट दिसत होता. भिंतीवरचं कॅलेंडर दिसत होतं, त्यातला गणपतीसुद्धा दिसत होता, फक्त तांबडा.

"चालतं ना हे?" मालननं विचारलं.

"पलीकडचं दिसतंय की. पाणीच आहे."

मालन घटाघटा प्यायली. थोड्या वेळानं तिच्या चेहऱ्यावर जरा जीव आला आणि उरलेलं खारट पाणीही पोटात राहिलं. आपण काही तरी बरोबर केलं असं मार्तंडला खूप दिवसांनी वाटलं. सकाळी उजाडायच्या आत त्यानं तिला आणखी एक पेला दिला.

अंधेरीला रिक्षानं गेले. बसमध्ये बसायची तिची हिंमत नव्हती. साकीनाक्याला गाड्या तुंबल्या तेव्हा मालननं त्याचं मनगट असं धरलं की नखं रुतली.

"थांबवायची का?"

"थांबवून करू काय? इथं रस्त्यात बसू?" ती डोळे मिटून बसली. "तुम्ही बोलत राहा काही तरी."

"काय बोलू?"

"काही पण. पंपावरचं सांगा."

तो पंपावरचं सांगत राहिला. स्कूटरवाल्याचं झाकण हरवलं, मालकाचा कुत्रा पळाला. त्याचं त्यालाच कळत नव्हतं तो काय बोलतोय. मनात एकच चालू होतं. बाईंनी आत रंग टाकला की काय दिसणार?

इस्पितळात सिस्टर प्रेमा म्हणून एक उंच बाई होत्या. त्यांनी मालनला हिरवा झगा घालायला दिला आणि मंगळसूत्र काढून मार्तंडच्या हातात ठेवलं. "बाहेर बसा, काका. लागलं तर बोलावते."

"लागलं तर म्हणजे?"

"अहो, बोलण्याची पद्धत आहे. बसा."

तो बाकावर बसला. मंगळसूत्र मुठीत होतं, ते गरम झालं. समोरच्या दाराला वर दुधी काच होती. काचेमागे दिवे गेले, मग एकच दिवा हलायला लागला. आतून डॉक्टरांचा आवाज यायचा. "श्वास घ्या. आणखी घ्या. झालं, झालं." मालनचा आवाज येत नव्हता. तिला गुंगीचं इंजेक्शन दिलं होतं. तरी तो कान देऊन बसला होता. धोंडूच्या वेळी असाच बाकावर बसला होता तो. तेव्हा मालन शेजारी होती. आज शेजारी कुणी नव्हतं.

मध्येच आतलं बोलणं थांबलं.  मग दार उघडलं आणि डॉक्टर केंकरे स्वतः बाहेर आल्या. हातमोजे घातलेले हात त्यांनी वर धरले होते. त्यांचा चेहरा बघून मार्तंड उभा राहिला.

"मार्तंडराव, काल यांनी काय काय घेतलं पोटात?"

"पाणी."

"नुसतं पाणी? खाणं? औषध? कसलं सरबत वगैरे?"

त्याच्या डोळ्यांपुढे तांबडा पेला आला. त्याच क्षणी त्याला कळलं की काही तरी चुकलं आहे. आणि चुकलं असं म्हटलं की ही तपासणी रद्द होणार, पुन्हा तारीख मिळणार ती कधी तरी, पुन्हा ते खारट पाणी, आणि मालन ते पिणार नाही. ती पुढे कधी पिणार नाही म्हणाली होती. मग सर्जन, मग पिशवी. हे सगळं एका श्वासात त्याच्या मनातून गेलं आणि तोंडातून निघालं, "नाही. पाणीच. तुम्ही सांगितलं तसं."

"नक्की?"

"नक्की, बाई."

डॉक्टरांनी क्षणभर त्याच्याकडे पाहिलं आणि त्या आत गेल्या. दार पूर्ण लागलं नाही. आधी काही तरी हळू विचारल्यासारखं वाटलं, मग फटीतून बोलणं स्पष्ट ऐकू आलं.

"वरून येतंय हे सगळं, प्रेमा. काळपट आहे, जुन्या रक्तासारखं. म्हणजे आजार डावीकडेच नाही, पार वरपर्यंत आहे. किंवा वर आणखी काही आहे."

"रंग घ्यायचा ना, बाई?"

"कशावर टाकू रंग? आणि असं रक्त असताना नळी आणखी पुढे ढकलली आणि आतडं फाटलं तर? नको. मी बाहेर काढते. सर्जनना फोन लावायला सांग. उद्याच घ्या म्हणावं. आणि रक्ताची सोय करायला सांग नवऱ्याला."

मार्तंड बाकापाशीच उभा राहिला.  रक्त. वरपर्यंत. उद्याच. म्हणजे ते खरंच रक्त असेल तर? कोकमाचं आणि त्याचं काही नातं नसेल तर? आपण सांगायचं, त्या नळी पुढे घालणार, आणि आतडं फाटलं तर ते पाप कुणाचं? गप्प बसावं तर उद्या मालनचं पोट उघडणार. बोलावं तर कदाचित आत्ताच जीव जाईल. दोन्हीकडे विहीर होती.

सिस्टर प्रेमा बाहेर आल्या. "काका, तुमचा रक्तगट माहीत आहे?"

तो त्यांच्याकडे बघत राहिला.

"काका, घाबरू नका. विचारलं ते कळलं का? रक्त—"

"कोकम," मार्तंड म्हणाला.

"काय?"

"कोकम पाजलं मी तिला. काल संध्याकाळी. आणि आज सकाळी परत. बाईंना सांगा. मी खोटं बोललो."

सिस्टर वळून धावल्या.  मग डॉक्टरांचा आवाज आला, मोठ्यानं, "कोकम? त्यांना आत घेऊन ये!"

त्याला चपला काढायला लावल्या, अंगात झगा चढवला. खोलीत अंधार होता. मालन डाव्या कुशीवर, पाय पोटाशी घेऊन पडली होती. काळी, जाड, लांबलचक नळी होती आणि तिच्या टोकाच्या काचेला डॉक्टर डोळा लावून उभ्या होत्या. डोळा न काढताच त्या बोलल्या.

"सरबत का असं मी विचारलं होतं तुम्हाला."

"हो, बाई."

"आणि तुम्ही काय सांगितलंत?"

"पाणी."

"का?"

"तुम्ही म्हणाला होता पलीकडचं दिसेल असं. दिसत होतं. आणि नंतर... भ्यालो."

डॉक्टरांनी नळीचं चाक जरा फिरवलं. मग म्हणाल्या, "रंगीत नको असं सांगायला हवं होतं मी. जपानात शिकले, तिथे कोकम कुणी पीत नाही. पण मी विचारल्यावर खोटं का बोललात? माझी आई वेंगुर्ल्याची आहे. तुम्ही कोकम म्हणाला असता तर मला एका क्षणात कळलं असतं."

तेवढ्यात उशीवरून जड जिभेचा आवाज आला. "सांगितलंत एकदाचं?"

मार्तंड वाकला. "तू जागी आहेस?"

"मला पण विचारलं बाईंनी." मालनचे डोळे मिटलेलेच होते. "तुम्ही बाहेर पाणी म्हणालात ते ऐकलं मी. मग मी कोकम कसं म्हणू? तुम्हाला खोटं कसं पाडू चार माणसांत?"

"धन्य आहे!" डॉक्टर केंकरे म्हणाल्या. "नवऱ्याला खोटं पाडायचं नाही म्हणून पोट कापून घेत होतात? प्रेमा, पाणी भर पिचकारीत. आधी धुऊन बघू. धुऊन गेलं तर कोकम. परत पाझरलं तर रक्त."

मालनच्या उशाशी उभं राहून मार्तंडनं तिचा हात धरला. डॉक्टर पाणी मारत होत्या, ओढून घेत होत्या, पुन्हा मारत होत्या. बाजूच्या काचेच्या बाटलीत काळपट तांबडं पाणी जमत होतं. तो त्या बाटलीकडे बघत होता. ते फिकं होतंय की नाही हे त्याला ठरवता येत नव्हतं. रोज रंग पाहून पिकलेली नजर होती त्याची, पण आज त्या नजरेचा काही उपयोग नव्हता. एकदा फिकं वाटायचं, एकदा गडद. डॉक्टरांचा डोळा काचेलाच लागलेला होता.

"थांब," त्या म्हणाल्या. "पाझरतंय का बघू दे."

सगळे थांबले. मालनचा हात त्याच्या हातात थंड होता.

"नाही," डॉक्टर म्हणाल्या. "नाही पाझरत. पुढे जाते मी."

नळी पुढे सरकली. मालन कण्हली. आणि मग डॉक्टर म्हणाल्या, "प्रेमा, नीळ दे."

सिस्टरनी निळ्या पाण्यानं भरलेली पिचकारी नळीला जोडली. तो रंग मार्तंडच्या ओळखीचा होता.  कात्री डोळ्यांपुढे आली.

"ही कपड्यांना घालतो ती नीळ?"

"त्याच जातीची. पोटात चालेल अशी शुद्ध." डॉक्टरांच्या नळीला दुसरी एक काच जोडलेली होती, शिकणाऱ्यांनी बघावं म्हणून. त्यांनी ती त्याच्याकडे वळवली. "बघा. नाहीतर आयुष्यभर मनात काय काय रंगवत बसाल."

त्यानं भीतभीतच डोळा लावला. आधी नुसताच उजेड. मग ओला, गुलाबी, वळत गेलेला रस्ता दिसला. ही मालन आहे, हे त्याच्या मनाला पटेना. निळं पाणी भिंतीवरून ओघळलं आणि बघता बघता बारीक बारीक रेषा उमटल्या. तळहातावर असतात तशा, जवळजवळ, सारख्या.

"हे वरचं आतडं. चांगलं आहे," डॉक्टर म्हणाल्या. "आता मागे येते. बघत राहा."

रेषा सरकत होत्या. मग एका ठिकाणी त्या एकदम पुसल्या गेल्या. त्यापुढे भिंत सुजलेली, खरखरीत, आणि नीळ बारीक जखमांत थेंबाथेंबानं साचलेली. कुणी सीमा आखावी तशी ती जागा होती.

"इथून खाली आजार. वर काही नाही. सर्जनना हे दिसलंच नसतं, मलाही रंगाशिवाय दिसलं नसतं."

मार्तंडनं श्वास सोडला. सोडला आणि लगेच अडला. सुजलेल्या भागात एका जागी नीळ दोन्ही बाजूंनी अडली होती आणि मध्ये एक उंचवटा वर आला होता. बोराच्या बीएवढा वाटत होता.

"बाई, हे काय? ही गाठ आहे?"

 डॉक्टरांनी नळीतून एक बारीक चिमटा आत घातला. मार्तंडनं डोळा काढून घेतला. त्याला ते बघवलं नाही. चिमटा बाहेर आला, सिस्टरनी काही तरी बाटलीत टाकलं, पुन्हा चिमटा आत गेला.

"बाई?"

"सुजून बरं झालेलं मांस असं वर येतं पुष्कळदा. पण मी दिसतं म्हणते, आहे म्हणत नाही. तुकडे तपासायला पाठवते. तोपर्यंत मला काही विचारू नका, मार्तंडराव. मलाही माहीत नाही."

म्हणजे रंगानं खोट वर काढलीच. खडूची खूण झाली. कात्री तेवढी राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मालन तीन नंबरातून बाहेर आली ती तोंडाला पदर लावून. मार्तंड दार धरून उभा होता.

"रक्त?"

तिनं नाही म्हणून मान हलवली. तिचे खांदे हलत होते. ती हसत होती. "निळं," ती म्हणाली. "अहो, निळं. लाल बघून बघून डोळे फुटले माझे, आज निळं."

शेवंतीला चाळभर सांगायला तेवढं पुरलं. मार्तंडला हसता आलं नाही. त्याला तो उंचवटा दिसत होता. पंपावर नळी हातात धरली, पाइपातून पेट्रोल वाहायला लागलं, तरी तोच दिसायचा. एकदा टाकी भरून वाहिली आणि मालकानं शिव्या घातल्या. घरी मालन भात वेळून पेज काढत असली की तो मागून तिच्या पाठीकडे बघत राहायचा. त्याला धोंडूचा पडदा आठवायचा. पडद्याची दोरी अजून तिथंच बांधलेली होती. एका दुपारी मालन नळावर गेलेली असताना त्यानं स्टुलावर चढून ती सोडली आणि लांब नेऊन टाकली. मालननं आल्यावर वर पाहिलं आणि हंडा खाली ठेवला.

निकालाच्या दिवशी ते पुन्हा रिक्षानं अंधेरीला गेले. सिस्टर प्रेमांनी आत बोलावलं तेव्हा मार्तंड उठला. मालननं त्याला हातानं खाली बसवलं.

"तुम्ही इथंच बसा."

"का?"

"तुम्हाला बाईंनी काही विचारलं की तुम्ही भिऊन भलतंच सांगता. माझं पोट आहे, मी ऐकते."

"मालन—"

"बसा म्हटलं ना."

दार लागलं. ह्या वेळी पूर्ण लागलं, फट राहिली नाही. दुधी काचेत दोन सावल्या दिसत होत्या. एक बोलत होती, एक नुसती बसली होती. बोलणारी सावली हात हलवत होती. बसलेली हलत नव्हती. मग बसलेल्या सावलीनं पदर डोळ्यांना लावला. मार्तंडच्या पोटात पीळ पडला, असा की त्यानं दोन्ही हातांनी बाक धरला. संपलं, त्याला वाटलं. रडली म्हणजे संपलं. आता घरी दोरी परत बांधायची. घाम कपाळावरून डोळ्यांत उतरला. पीळ काही सुटेना.

दार उघडलं. मालन बाहेर आली. डोळे लाल, नाक लाल. ती त्याच्यासमोर उभी राहिली.

"नाहीये," ती म्हणाली.

"काय नाहीये?"

"ते. धोंडूदादाचं. ते नाहीये. सूजच आहे. कापायचं नाही." तिचा आवाज पुन्हा भरून आला. "गोळ्या घ्यायच्या. जन्मभर म्हणाल्या. आणि दर वर्षी नळी घालून, नीळ टाकून बघायचं. तसलं काही पुढे होऊ शकतं, म्हणून नजर ठेवायची. म्हणजे भीती तशीच राहणार म्हणाल्या, पण सांभाळता येईल. आणि कोकम आदल्या दिवशी नाही. हे तीनदा सांगितलं."

 मार्तंडला म्हणायचं खूप होतं. त्यानं तोंड उघडलं आणि त्याला पोटाचंच पहिलं सुचलं.

"मालन, इथं संडास कुठे आहे?"

 मग तिनं पदरानं नाक पुसलं. ह्या इस्पितळात तिला आणखी काही ठाऊक नसलं तरी एवढं पक्कं ठाऊक होतं.

"सरळ जा. पाण्याच्या टाकीपाशी डाव्या हाताला. बायकापुरुषांचे एकच आहेत. पहिल्यात पाणी नसतं, दुसऱ्यात जा." तो उठला, भिंत धरत चालायला लागला, आणि ती त्याच्यामागून आली. "कडी लागत नाही त्याची. मी बाहेर उभी राहते."

"बायका पुरुषांच्या दारात उभ्या राहतात का कधी?"

"माझ्या दारात तुम्ही इतके दिवस उभे राहिलात, तेव्हा कोण काय म्हणालं? जा तुम्ही. कुणी आलं तर मी खोकेन."

तो आत गेला. दार त्याच्यामागे ओढलं गेलं आणि बाहेरून धरलं गेलं. थोड्या वेळानं कॉरिडॉरमध्ये कुणाच्या तरी चपलांचा आवाज आला, आणि मालन खोकली.